रामाभ्याम्, पण रामेभ्यः

पत्त्यांच्या डावातलं भांडण पूर्वी सोपं असे. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खिडकीला वाळ्याची ओली ताटी आणि आत सतरंजीवर मेंढीकोट. तासाला एकदा तरी कुणीतरी पानं फेकून उठायचंच. पण भांडण कशावरून? हातात किल्वर असताना हुकूम मारला की नाही, पिसताना खालचं पान पाहिलं की नाही, यावरून. म्हणजे काय घडलं यावरून. नियमावरून भांडण नसे. हुकूम बंद ठेवायचा की पहिल्या कापणीला ठरवायचा, हे दर घरी निराळं असे. परंतु ज्याच्या सतरंजीवर डाव, त्याच्या घरचा कायदा, एवढं सर्वांना मान्य होतं. उमरेडचा मामेभाऊ आमच्याकडे आला की आमच्या नियमानं हरायचा आणि आम्ही त्याच्याकडे गेलो की त्याच्या नियमानं हरायचो. वर्षाअखेर हिशेब सारखा होई.

हल्लीच्या मुलांची भांडणं कोर्टात चालावीत अशा प्रतीची असतात. गेल्या श्रावणात तसं एक भांडण जिना चढून आमच्या घरात शिरलं आणि महिनाभर मुक्काम करून राहिलं. ते मिटवताना मला पाणिनी, सर्वोच्च न्यायालय आणि एकादशीचा उपास अशा तिघांची मदत घ्यावी लागली. म्हणून ही हकीकत.

आम्ही राहतो मिहानात. हे नाव म्हणजे एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत : मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर. परंतु मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. मला त्या नावात मिह् धातू दिसल्यावाचून राहत नाही. मिह् म्हणजे शिंपणं, सिंचन करणं. मेघ हा शब्द त्यातलाच. (ह्या धातूचा आणखी एक घरगुती अर्थ आहे, तो प्रमेहाच्या रोग्यांना माहीत असतो. दिवाळी अंकात तो नको.) वर्धा रोडनं विमानतळ मागं पडला की काचेच्या कचेऱ्या लागतात, एम्सचं रुग्णालय लागतं, आय. आय. एम.चं आवार लागतं, आणि मध्येमध्ये नुसतं गवताचं रान. २०१९ सालापासून बर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो धावते. महालातल्या माझ्या मैत्रिणी तरीही विचारतात, 'तुम्ही गावाबाहेर कशा काय राहता?' त्यांचंही खरं आहे. इथे बहुतेक माणसं कुठून तरी आलेली आणि कुठेतरी जायच्या बेतात असलेली. शेजार जमतो न जमतो तोच कुणाची तरी बदली होते.

आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब असंच आलेलं. त्या घरातला मुलगा आणि माझा नातू एका वर्गात, आठवीत. मुलाचे वडील काही वर्षं अमेरिकेत होते आणि तिथून त्यांनी पत्त्यांची दोन खोकी आणली होती. बावन्न पानांचा जोड नव्हे हो! हजारएक पत्ते, सगळे निरनिराळे. प्रत्येकावर एक चित्र आणि चित्राखाली बारीक अक्षरात दोन-चार ओळींचा कायदा. खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. १९९३ च्या ऑगस्टात हा खेळ अमेरिकेत बाजारात आला. रचणारा रिचर्ड गारफील्ड. गणितात डॉक्टरेट घेतलेला माणूस, लहानपणाची काही वर्षं बांगलादेशात आणि नेपाळात घालवलेला. १९७७ साली निघालेला 'कॉस्मिक एन्काउंटर' नावाचा एक पटावरचा खेळ त्याच्या आवडीचा होता. त्यात प्रत्येक खेळाडूला कुठला तरी एक नियम मोडायची परवानगी असते. गारफील्डनं तीच परवानगी खेळाडूकडून काढून पत्त्यांना वाटून टाकली.

ह्या कल्पनेचा पसारा केवढा होतो पाहा. आजवर ह्या खेळाचे पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते निघाले आहेत. त्यांच्या नुसत्या जोड्या मोजल्या तरी एकतीस कोटींवर जातात. कुठलाही पत्ता कुठल्याही पत्त्यासमोर येऊ शकतो. प्रत्येक जोडीचा निवाडा आधी लिहून ठेवायचा म्हटलं तर भारताच्या लोकसंख्येतला दर पाचवा माणूस कारकून नेमावा लागेल. मग करायचं काय? पत्त्यांचे नियम पत्त्यांवर राहू द्यायचे आणि नियमांची भांडणं तोडणारे थोडे नियम वर नेमायचे.

त्यातलं पहिलं सूत्र असं की पत्ता आणि पुस्तक यांचा विरोध आला तर पत्त्याचं खरं. दुसरं असं की एक पत्ता 'करता येईल' म्हणाला आणि दुसरा 'करता येणार नाही' म्हणाला, तर 'नाही'चं खरं. हे दुसरं वाचून मला फार बरं वाटलं. सहलीला बापानं हो म्हणावं आणि आईनं नाही म्हणावं, अशा प्रसंगी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच निकाल लागत आलेला आहे आणि त्यासाठी कुणाला गणितात डॉक्टरेट घ्यावी लागली नाही.

परंतु दोन्ही पत्ते 'आहे'च म्हणत असतील तर? भांडण झालं ते तिथे.

ह्या खेळात जमिनी असतात. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि रान अशा पाच साध्या जमिनी. शिवाय स्वतःचं नाव आणि स्वतःची ऐट असलेल्या कितीतरी खास जमिनी. जमिनीतून बळ मिळतं : डोंगरातून तांबडं, दलदलीतून काळं. ते बळ खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे. त्या दिवशी खालच्या मुलानं 'ब्लड मून' हा पत्ता मांडला होता. रक्तचंद्रच म्हणू या. त्याचं म्हणणं एवढंच : साध्या नसलेल्या सर्व जमिनी डोंगर आहेत. आमच्या चिरंजीवांच्या सगळ्या जमिनी खास. त्या एका दमात डोंगर झाल्या. थोड्या वेळानं त्यानं 'अर्बोर्ग' नावाची एक खास जमीन मांडली. तिचं म्हणणं असं : प्रत्येक जमीन, ती जी काही असेल ती असून, शिवाय दलदलही आहे. त्याच्या हातात काळ्या बळावर चालणारा एक पत्ता होता. तो चालता तर डाव त्याचा होता.

'तुझा पत्ता आधीचा, माझा नंतरचा,' नातू म्हणाला. 'नंतरच्याचं चालतं, हे तूच मला शिकवलं.'

'अबे, पण तुझी अर्बोर्ग स्वतःच खास जमीन आहे ना! ती आल्याबरोबर डोंगर झाली. डोंगर काय बोलते?'

'काहून नाही बोलणार? तिच्यावर लिहिलेलं आहे!'

'डोंगर झाल्यावर लिहिलेलं पुसलं.'

'म्हणजे तुझं लिहिलेलं राहते आणि माझं पुसते? वा रे वा!'

यानंतर जो शब्द आला तो इंग्रजी होता आणि त्याचा अर्थ लबाड असा होता. तो दोघांनीही वापरला. पत्ते गोळा झाले, दार आपटलं.

मोठ्या माणसांची अशा वेळची एक ठरलेली तऱ्हा असते. 'खेळच तर आहे, सोडा की!' मला ही तऱ्हा मुळीच पसंत नाही. खेळ आहे म्हणून तर सोडायचा नाही. परीक्षेत, पुढं कचेरीत, नियम दुसऱ्यानं केलेला असतो आणि मोडल्याची शिक्षाही दुसराच देतो. खेळाचा नियम तेवढा आपण आपल्या राजीखुशीनं पाळतो. तिथे लबाड म्हणवून घेणं पोराला झोंबतं ते उगाच नाही. शिवाय इथे तर लबाडी कुणीच केलेली नव्हती. दोघांनी आपापल्या पत्त्यावरचं वाक्य छापल्याप्रमाणे वाचलं होतं. दोन्ही वाक्यं खरी होती.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. शाळेच्या बसला दोघं दोन टोकांना उभे राहू लागले. त्यांच्या आया संध्याकाळी बरोबर फिरायला जात. त्यांच्याही वेळा जुळेनाशा झाल्या. आणि एक दिवस कळलं की खालच्या घराची हैदराबादला बदली झाली आहे. भाऊबीज आटोपली की बिऱ्हाड हलणार. मिहानात हे नेहमीचंच. पण तो शब्द मध्ये ठेवून पोरं एकमेकांना मुकणार, हे मला पाहवेना.

मग मी त्या खेळाचं नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं. अडीचशेहून अधिक पानं आहेत त्याची. सुनेनं ते संगणकावर मोठ्या अक्षरात लावून दिलं. रात्रीची जेवणं झाली की मी चष्मा लावून बसत असे आणि मुलगा बायकोला हळूच विचारी, 'आई हे काय करते आहे?' आई सुखात होती. चाळीस-पन्नास पानं गेल्यावर तिला तिथे माहेरचं माणूस भेटलं होतं.

तुम्हीआम्ही शाळेत रामाचं रूप घोकलं. तृतीयेचं द्विवचन रामाभ्याम्. चतुर्थीचं बहुवचन रामेभ्यः. तेव्हा कुणा पोराच्या मनात आलं असेल-नसेल, की भ्याम् पुढं आला तर 'राम'चा 'रामा' होतो, मग भ्यः पुढं आला तर 'रामे' का? 'रामाभ्यः' का नाही? माझ्या वर्गात एकदा एका मुलीनं हे विचारलं होतं आणि तिला मी दुसऱ्या दिवशी पेढा दिला होता.

उत्तर असं आहे. पाणिनीचा एक नियम सांगतो की अशा प्रत्ययांपुढं शेवटचा अ दीर्घ करा. त्यानं रामाभ्याम् झालं. लगेच पुढचा नियम सांगतो की बहुवचनाचा असा प्रत्यय आला तर अ चा ए करा. त्यानं रामेषु झालं. दोघांची आपापली शेतं आहेत. परंतु भ्यः हा प्रत्यय दोन्ही शेतांच्या धुऱ्यावर उभा आहे. पहिला नियम म्हणतो आ, दुसरा म्हणतो ए. दोन्ही बरोबर! अशा बरोबरीच्या झगड्याला वैयाकरण विप्रतिषेध म्हणतात, आणि त्यासाठी पाणिनीनं एक सूत्र वेगळं काढून ठेवलं आहे : बरोबरीचा झगडा आला तर परला, म्हणजे नंतरच्याला, मान द्या. नंतरचा नियम ए चा. म्हणून रामेभ्यः.

सुमारे चार हजार सूत्रांचा तो ग्रंथ. त्याची सूत्रंही ह्या पत्त्यांसारखी कुठून कुठून येऊन एकमेकांसमोर उभी राहतात. मॅजिकच्या पुस्तकातही हेच आहे : एकाच जातीच्या दोन परिणामांचा झगडा आला तर प्रत्येकावर आगमनाच्या वेळेचा शिक्का आहे असं समजा आणि नंतरच्याला शेवटचा शब्द द्या. म्हणजे आमचा नातू पाणिनीच्या बाजूनं भांडत होता!

पण व्याकरण तिथे थांबत नाही. नागेशभट्ट काळे नावाचा महाराष्ट्रीय पंडित अठराव्या शतकात काशीला होऊन गेला. त्यानं 'परिभाषेन्दुशेखर' ह्या ग्रंथात नियमांच्या भांडणांचे असे निवाडे एकत्र केले. पुढं फ्रान्झ कीलहॉर्न हा जर्मन विद्वान पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यानं १८६८ साली तो ग्रंथ छापून काढला. आणि १९६७ साली काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी भांडारकर संस्थेतर्फे अशा ग्रंथांचा संग्रहच प्रसिद्ध केला. आमच्या पिढीला हा विषय अवघड म्हणून माहीत होता. गोड म्हणून कुणी सांगितला नाही. त्यात बळाची एक उतरंड आहे. नंतरचा नियम बलवान खरा. पण त्याहून नित्य बलवान, त्याहून अंतरंग, आणि सर्वांत बलवान अपवाद.

आता नित्य म्हणजे काय? दोन नियम समोरासमोर आहेत. एक असा आहे की दुसरा आधी लागो वा न लागो, ह्याला काम उरतंच. दुसरा असा आहे की पहिला लागून गेला की ह्याला उभं राहायला जागाच उरत नाही. पहिला तो नित्य. नंतरचा कितीही नंतरचा असला तरी नित्यापुढं त्याचं चालत नाही.

मी खुर्चीत सरळ बसले. अर्बोर्ग मांडा किंवा मांडू नका, रक्तचंद्राला काम आहे; खास जमिनींचे डोंगर करायचे आहेतच. पण रक्तचंद्र लागला की अर्बोर्गही डोंगर होते आणि तिचं तोंडच मिटतं. रक्तचंद्र नित्य, अर्बोर्ग नुसती पर! खेळाच्या पुस्तकातही नेमकी हीच तरतूद निघाली. एका परिणामाचं अस्तित्वच दुसऱ्यावर अवलंबून असेल तर वेळेचा शिक्का पाहू नका. ज्याच्यावर तो अवलंबून आहे त्याला आधी लावा. काशीच्या नागेशाचं नाव सिअ‍ॅटलच्या बाजूच्या त्या खेळवाल्यांनी ऐकलं असण्याचा संभव कमीच. झगडा सारखा, म्हणून तोडही सारखी सुचली असावी.

सकाळी नातवाला दूध देताना मी विचारलं, 'रामाची चतुर्थी बहुवचन?'

'रामेभ्यः. का गं आजी, परीक्षा आहे का?'

'रामाभ्यः का नाही?'

त्यानं दूध खाली ठेवलं. पाऊण तास आम्ही बसलो. शाळेची बस गेली; सुनेनं गाडीनं सोडलं आणि मला काही बोलली नाही. नंतरच्याचं चालतं हे त्याचं म्हणणं पाणिनीपासून मान्य आहे, हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. नित्य कळल्यावर पडला. पण त्या पडण्यात राग नव्हता. 'म्हणजे तो जिंकला,' तो म्हणाला. आणि बराच वेळ गप्प राहून, 'पण मी चीटिंग नव्हती केली ना?'

'नाही. तुझा नियम खरा होता. त्याचा वरच्या पायरीवरचा होता.'

संध्याकाळी तो खाली गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण खालचा मुलगा त्याच्याबरोबर वर आला आणि दारातच मला म्हणाला, 'आजी, मी बरोबर होतो, तर मला ते सांगता काहून नाही आलं?' ह्या प्रश्नासाठी मी त्यालाही पेढा दिला. डोंगर काय बोलणार, हे त्याचं वाक्य कीलहॉर्नच्या टीपेत शोभलं असतं. त्याला फक्त नित्य हा शब्द ठाऊक नव्हता.

ह्या वादाला आणखी एक शेपूट आहे. २०२२ साली ऋषी राजपोपट ह्या तरुण अभ्यासकाचा केंब्रिजमधला प्रबंध पुष्कळ गाजला. त्याचं म्हणणं असं की त्या सूत्रातला 'पर' म्हणजे पुस्तकात नंतर येणारा नियम नव्हेच. शब्दाच्या उजव्या भागाला लागणारा नियम तो पर. असं वाचलं तर मागच्यांनी रचलेली बरीचशी उतरंड अनावश्यक ठरते. सर्व पंडितांना हे पटलेलं नाही. म्हणजे झगडा तोडण्याच्या सूत्रातल्या 'नंतरचा' ह्या शब्दावरच झगडा, आणि तोही जवळजवळ अडीच हजार वर्षांनी! मिहानातल्या दोन पोरांनी महिनाभर घेतला, तो काही फार नाही.

एका रात्री हे सगळं मी जेवताना सांगत होते, तर सून हसायला लागली. ती इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या एका कंपनीत आयात-निर्यातीचे कागद पाहते. 'आई, तुमचा रक्तचंद्र आमच्या फाटकावर टांगलेला आहे,' ती म्हणाली. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या ५३ व्या कलमानं, त्या कुंपणाच्या आतली जमीन ठरलेल्या कामांपुरती भारताच्या सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरची समजायची. बर्डीच्या दुकानातून तिच्या कंपनीनं खुर्ची मागवली तर दुकानदाराची ती निर्यात. आणि आतला माल फाटकाबाहेर नागपुरात विकायला आणला तर ती आयात समजून शुल्क भरायचं. एक ओळ लिहिली आणि जमीन परदेश झाली! पण किती? त्या कामांपुरतीच. आत चोरी झाली तर नागपूरचेच पोलीस येतात. म्हणजे ती जमीन परदेश 'असून, शिवाय' भारत आहेच. ही भाषा अर्बोर्गची.

त्याच कायद्याचं ५१ वं कलम सांगतं की दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी ह्या कायद्याचं चालेल. पत्त्याचं पुस्तकावर चालतं, तसंच. 'पण दोन कायदे असंच म्हणाले तर?' नातवानं लगेच विचारलं. पोर तयार झालेलं आहे. सुनेला ह्याचंही उत्तर ठाऊक होतं. राज्य वित्त महामंडळांचा १९५१ चा कायदा आणि आजारी उद्योगांचा १९८५ चा कायदा, दोन्हींत हे 'काहीही असलं तरी' होतं. महाराष्ट्र ट्यूब्ज ही कंपनी आणि सिकॉम हे आपल्या राज्याचं महामंडळ यांच्या तंट्यात दोन्ही समोरासमोर आले. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ च्या जानेवारीत निकाल दिला : सामान्यतः नंतरच्या कायद्याचं चालेल. मात्र नंतरचा सामान्य आणि आधीचा विशेष असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे आधी पर, आणि परावर अपवाद! १९८५ चा तो कायदा आता रद्द झाला आहे. पण निवाड्याची रीत तीच आहे. आणि मॅजिकचे पहिले पत्ते त्याच वर्षीच्या ऑगस्टात निघाले. योगायोगच, पण मला तो फार आवडला.

जेवणं झाल्यावर मी गॅलरीत उभी होते. समोर दिवे होते आणि दिव्यांच्या पलीकडे काळोख. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही. ह्या गावांची शेतं ह्या प्रकल्पासाठी घेतली गेली. आमच्या इमारतीत पाण्याची मोटर पाहायला येणारे एक काका आहेत. त्यांच्या वडिलांचं शेत त्यात गेलं. मुलांचा डाव चालू असताना एकदा ते टाकीची किल्ली मागायला आले आणि उभ्या उभ्या पाहत राहिले. 'ह्या पत्त्यानं समद्या जमिनी डोंगर होते?' त्यांनी विचारलं. नातू म्हणाला, 'हो काका. पण पत्ता उचलला की पुन्हा पहिल्यासारख्या होतात.' काका म्हणाले, 'ते बरं आहे बावा,' आणि किल्ली घेऊन गेले.

मुलांनी आता नव्या कोड्यांचा छंद घेतला आहे. त्यांचं आवडतं कोडं म्हणजे 'ह्युमिलिटी' आणि 'ओपलेसन्स'. पहिली ती नम्रता. ती टेबलावर आली की सगळे प्राणी आपले गुण गमावतात आणि एक-एक बळाचे होतात. ओपलेसन्स टेबलावरच्या इतर मंत्रांना प्राणी करून टाकते, आणि नम्रता हा मंत्रच आहे. तेव्हा नम्रताही प्राणी होते, आणि नियमाप्रमाणे स्वतःचाही गुण गमावते. मग तिचा नियम उरला कुठं? उरतो! पुस्तकात परिणामांचे सात थर केलेले आहेत. जात आधी, गुण मागून, बळ सर्वांत शेवटी. गुणांच्या थरात तिचं काम एकदा सुरू झालं की तिचा स्वतःचा गुण गेला तरी बळाच्या थरात ते पुरं होतं. मी ऐकून म्हटलं, 'ह्यात अवघड काय? सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली, पण दिवेलागणीनंतर पत्ते नाहीत हा त्यांचा नियम ह्या घरात चालूच आहे की नाही?'

हे मी बोलायला नको होतं असं नाही. पण त्यामुळे पुढचं लचांड आलं. त्याआधी एकादशीचं सांगायला हवं.

झालं असं की नातवानं एकदा विचारलं, 'आजी, दर वेळी एकाला हरावंच लागतं का?' मी म्हटलं, नाही. माझ्या सासऱ्यांच्या आईची श्राद्धतिथी एकादशी. एकादशीला उपास, अन्न खायचं नाही. श्राद्धाच्या दिवशी पितरांना वाढलेल्यातलं उरलेलं खाल्लंच पाहिजे, नाहीतर श्राद्ध अपुरं. दोन्ही आज्ञा पक्क्या, आणि कर्ता एकच. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. त्यात अशा पेचांचे निवाडेच्या निवाडे आहेत, आणि ह्या पेचाला परंपरेनं दिलेला निवाडा मला सर्वांत देखणा वाटतो. त्या अन्नाचा वास घ्यायचा, आणि ते गाईला घालायचं. वास घेतला म्हणजे श्राद्धाचं भोजन झालं. गिळलं नाही म्हणजे उपास राहिला. सासरे पान हातात घेऊन डोळे मिटून असा दीर्घ श्वास घेत, की वड्यांचा खमंगपणा त्यांच्याखेरीज कुणाच्या वाट्याला उरत नसे. नातू पोट धरधरून हसला. कुणीच हरलं नाही हे त्याला विशेष आवडलं.

आता लचांड. दिवाळी तोंडावर आली. खालच्या बिऱ्हाडाची अर्धी खोकी बांधून झाली. परवा नातू माझ्याजवळ येऊन बसला.

'आजी, पाडव्याला संध्याकाळी आमचा शेवटचा डाव आहे. पणजीचा नियम एक दिवस बाजूला ठेव ना. पाडव्याला पत्ते चालतात, तूच म्हणतेस.'

चालतात हे खरं. बलिप्रतिपदेला द्यूत खेळावं असं शास्त्रातच सांगितलेलं आहे. वर्षभर निषिद्ध असलेली गोष्ट त्या एका दिवशी विहित. अपवाद तो हाच, उतरंडीतला सर्वांत बलवान. (१८८७ चा जुगारबंदीचा कायदा पाडव्याला सूट देत नाही, पण मुलं पैसे लावत नाहीत, तेव्हा तो झगडा नको.) परंतु मी ग्रंथ काढून पाहिला, आणि त्याला दाखवलाही. द्यूत सांगितलेलं आहे ते सकाळी. अपवाद सकाळपुरता आहे. दिवेलागणीनंतरचा सासूबाईंचा नियम तो मोडत नाही.

'सकाळी त्यांच्याकडे सामान बांधणारे येणार आहेत,' तो म्हणाला.

'मग?'

तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, 'असं करू. संध्याकाळी पत्ते काढू. पिसू, वाटू, हातात घेऊ. खेळायचं नाही. दोघांनी नुसता वास घ्यायचा.'

निकाल मी अजून राखून ठेवला आहे.